दोन गाड्यांमधले पाच तास

मा. संपादक यांस,

मे महिना जवळ आला की पर्यटन पुरवण्यांत 'पंधरा दिवसांत दहा देश' छापाचे आराखडे येऊ लागतात. सहल कंपनीच्या बसमधून जाणाऱ्यांना ते पुरेसे आहेत. पण पाठीवर सॅक घेऊन, एखाद्या मित्राला किंवा मैत्रिणीला बरोबर घेऊन रेल्वेने युरोप फिरायला पुण्यातून जी मुले-मुली निघतात, त्यांच्या कामाची एक गोष्ट त्यांत कधीच नसते: दोन गाड्यांच्या मधे एखाद्या शहरात मिळणारे चार-पाच तास. बेत नीट असेल तर रात्रीच्या मुक्कामाचे भाडे न भरता एक शहर पायाखालून जाते. नसेल तर तेच तास स्टेशनच्या बाकावर सॅकची राखण करण्यात संपतात.

पुणे स्टेशनवर पाच तास हाताशी असले तर माणूस शनिवारवाडा आणि कसबा गणपती करून येईल, सिंहगडाला निघणार नाही. परक्या शहरात मात्र हा हिशेब सुटतो. गाडी 11:20 ला पोहोचते आणि पुढची 16:20 ला आहे, असे धरा. उतरून लॉकर शोधणे, सॅक ठेवणे, स्वच्छतागृह यांत 40 मिनिटे जातात. परतल्यावर सामान काढणे, खाण्याचे घेणे आणि फलाट गाठणे यांना 45 मिनिटे ठेवावीत. उरले साडेतीन तास. त्यात एक मोठे ठिकाण आणि एक निवांत फेरफटका बसतो, तिसरे काही नाही. फ्रान्समध्ये टीजीव्ही या वेगवान गाडीची दारे सुटण्याच्या 2 मिनिटे आधी बंद होतात, आणि जर्मनीत ऐनवेळी फलाट बदलल्याची घोषणा नेहमीची आहे. येणारी गाडीच उशिरा आली तर हे साडेतीन तासही आक्रसतात. 6 मिनिटांपेक्षा कमी उशीर 'वेळेवर' धरूनही 2024 मध्ये जर्मनीच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी 62.5 टक्केच वेळेवर होत्या. म्हणून मधल्या शहरातले ठरावीक वेळेचे प्रवेश तिकीट आधी काढून ठेवू नये.

शहर निवडताना त्याची कीर्ती बाजूला ठेवून स्टेशनपासून जुन्या गावाचे अंतर पाहावे. जर्मनीतले कोलोन या कामाला फार उत्तम. मुख्य स्टेशनच्या दारातून बाहेर पडताच 157 मीटर उंचीचे कॅथेड्रल समोर उभे असते. त्याच्या दक्षिण मनोऱ्याला 533 पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही. चढ-उताराला तासभर धरावा. मग होहेनझोलर्न पुलावरून ऱ्हाइन ओलांडून पलीकडच्या काठावरून मागे वळून पाहावे आणि परत यावे. ब्रुसेल्समध्ये सेंट्रल स्टेशनला उतरले तर ग्रँड प्लेस पाच-सात मिनिटांवर आहे. पण बऱ्याच वेगवान गाड्या मिडी स्टेशनला थांबतात, तिथून लोकल पकडावी लागते. प्रागच्या मुख्य स्टेशनपासून जुन्या चौकापर्यंत पंधरा-वीस मिनिटांची चाल आहे. झुरिचला स्टेशनसमोरचा बानहोफश्ट्रासे हा रस्ता सरळ तळ्यावर नेतो, आणि शहरभरच्या 1,200 हून अधिक कारंज्यांचे पाणी पिण्यायोग्य असल्याने बाटली विकत घ्यावी लागत नाही.

व्हेनिसला मेस्त्रे हे स्टेशन मुख्य भूमीवर आहे. तिथे उतरलेल्यांना पाणी दिसत नाही. पुढे दहा-बारा मिनिटांवर सान्ता लुचिया लागते आणि त्याच्या पायऱ्यांशीच ग्रँड कॅनॉल आहे. तिथून सान मार्कोचा चौक चालत पाऊण तास, त्यामुळे पाच तासांत जाऊन-येऊन होते, पण वाट चुकायला सवड राहत नाही. एप्रिल ते जुलैमधल्या ठरावीक दिवशी सकाळी 8:30 ते दुपारी 4 या वेळेत दिवसापुरत्या येणाऱ्यांना प्रवेशशुल्क आहे: आधी नोंदवले तर 5 युरो, ऐनवेळी 10.

पॅरिसला मधला थांबा घेताना जपावे. उत्तरेकडून येणारी गाडी गार दू नॉरला येते आणि दक्षिणेला जाणारी गार द लियाँवरून सुटते. मधे आरईआर डी या लोकल गाडीच्या लाइनने जावे लागते. ती दहा मिनिटांच्या आत पोहोचवते, पण जिने, गर्दी आणि तिकीट यंत्र धरून एक तास बाजूला काढावा. लुव्र संग्रहालय पाहण्याचा मोह तर टाळावाच. 55 बाय 35 बाय 20 सेंटिमीटरपेक्षा मोठी पिशवी तिथे आत नेता येत नाही, म्हणजे 50 लिटरची सॅक दारातच अडते. शिवाय ते मंगळवारी बंद असते. युरोपातली पुष्कळ संग्रहालये सोमवारी बंद असतात. जर्मनी आणि ऑस्ट्रियात रविवारी दुकाने बंद, पण मोठ्या स्टेशनांतली किराणा दुकाने बहुधा उघडी सापडतात. कुठल्या वारी कुठे उतरायचे हे ठरवताना एवढे पाहिले तरी निम्मी निराशा टळते.

बसने जाणाऱ्यांनी थांबा नेमका कुठे आहे हे नकाशावर पाहावे. म्युनिकचा बसतळ मुख्य स्टेशनपासून एक लोकल स्थानक दूर हाकरब्रुकला आहे. मिलानचा लाम्पुन्यानोला, म्हणजे शहराच्या कडेला. स्वस्त विमानांच्या बाबतीत ही फसगत आणखी मोठी: 'पॅरिस' म्हणून विकले जाणारे बोव्हे विमानतळ पॅरिसपासून सुमारे 85 किलोमीटरवर आहे.

आता तिकीट. भारतीयांसाठी युरेल पास असतो, म्हणजे अनेक देशांच्या रेल्वेत चालणारे एकच तिकीट. इंटररेल युरोपात राहणाऱ्यांसाठी. पासचा एक प्रवासदिवस मध्यरात्री 00:00 ते 23:59 असा मोजतात आणि त्या दिवशी कितीही वेळा उतरा-चढा करता येते, म्हणून मधल्या थांब्यांसाठी तो सोयीचा. मात्र टीजीव्ही, इटलीची वेगवान फ्रेच्चारोसा आणि रात्रीच्या गाड्यांना वेगळे आरक्षण लागते आणि त्याचे पैसे वेगळे. जर्मनीच्या बहुतेक आयसीई या वेगवान गाड्यांना ते सक्तीचे नाही. पास न घेता स्वस्त तिकीट काढले तर ते त्याच गाडीला बांधलेले असते, मधे मनाला येईल तिथे उतरता येत नाही. जर्मन रेल्वेच्या संकेतस्थळावर मात्र तिकीट काढतानाच मधले स्थानक आणि तिथला मुक्काम किती तासांचा हे भरता येते. हे अनेकांना ठाऊक नसते आणि दोन तुटक तिकिटे काढून जास्त पैसे जातात.

सामान दोघांचे असले तरी मोठा लॉकर एकच घ्यावा. 40 लिटरच्या दोन सॅक त्यात सहसा बसतात. जर्मन स्टेशनांवर लॉकरची मुदत 72 तास असते. जुन्या लॉकरना नाणी लागतात, स्वच्छतागृहांनाही, म्हणून 1 आणि 2 युरोची नाणी खर्चून टाकू नयेत. लॉकरच्या पावतीचा फोटो दोघांच्याही फोनमध्ये हवा. तिकिटेही दोघांकडे हवीत. एकाचा फोन बंद पडला किंवा गर्दीत ताटातूट झाली की सगळा बेत त्याच फोनमध्ये अडकतो. पासपोर्ट लॉकरमध्ये ठेवू नये, अंगावरच ठेवावा.

प्रागसारख्या शहरात युरो नव्हे, कोरुना चालतो. चार तासांसाठी रोख बदलण्यापेक्षा कार्ड वापरावे आणि यंत्राने 'रुपयांत की कोरुनात' असे विचारले तर कोरुनाच निवडावा. रुपये निवडले की दर यंत्रवाल्यांचा लागतो. रोख बदललीच आणि दर वाईट निघाला, तर 2019 पासून चेक कायद्याने तीन तासांच्या आत पावती दाखवून व्यवहार रद्द करता येतो. मेट्रोचे कागदी तिकीट आत शिरताना पिवळ्या यंत्रात छापून घ्यावे. न छापलेले तिकीट म्हणजे विनातिकीट, आणि दंड तिथल्या तिथे.

व्हिसा हातात पडला की दोघांनीही स्टिकरवरचा प्रवेशांचा आकडा आणि मुक्कामाचे दिवस तपासावेत. एकाच दिवशी अर्ज केला तरी दोघांना वेगवेगळे मिळू शकतात. एकेरी प्रवेशाचा व्हिसा असताना मधेच लंडन किंवा सर्बियाला गेले तर परत शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, शिरता येत नाही. ज्या दिवशी शिरलो आणि ज्या दिवशी बाहेर पडलो, ते दोन्ही दिवस मोजले जातात. 12 ऑक्टोबर 2025 पासून सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली असल्याने, पहिल्या विमानतळावर उतरून लगेचची गाडी पकडण्याचा बेत करू नये. निदान तीन तास सोडावेत.

शेवटी खाण्याचे. युरोपीय संघाबाहेरून दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे पेढे, बर्फी आणि साजूक तूप घरीच राहू द्यावे. पातळ पोह्यांचा चिवडा आणि कोरडी शेंगदाण्याची चटणी चालते. स्टेशनातल्या दुकानातून पाव घेतला आणि बरोबर ही चटणी असली की हॉटेलात जेवायला बसून दीड तास जात नाही, आणि साडेतीनचे साडेतीन तास शहराला मिळतात.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे