सिस्टीम प्रोग्रॅमिंगची परीक्षा संगणकावरच व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आली की संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांची जर्नल, म्हणजे प्रात्यक्षिकांची वही, पूर्ण करण्याची धावपळ सुरू होते. सिस्टीम प्रोग्रॅमिंग आणि शेल स्क्रिप्टिंग या विषयांचा बाह्य परीक्षक म्हणून मी अनेक वर्षे काम केले आहे. टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम म्हणजे शेल, आणि अशा कमांड फाइलमध्ये ओळीने लिहून ठेवणे म्हणजे स्क्रिप्टिंग. सुवाच्य अक्षरात उतरवलेला प्रोग्राम आणि त्याखाली हातानेच लिहिलेले आउटपुट पाहिले की, हा प्रोग्राम या विद्यार्थ्याने कधी चालवून पाहिला असेल का, हा प्रश्न मला दरवेळी पडतो.

एक साधे उदाहरण देतो. सी भाषेत प्रिंटएफ या छापण्याच्या सूचनेने एक शब्द छापायचा, शेवटी नवी ओळ द्यायची नाही आणि लगेच फोर्क करून, म्हणजे चालू प्रोग्रामची (प्रोसेसची) प्रत काढून, दुसरी प्रोसेस निर्माण करायची. छापण्याची सूचना एकदाच दिलेली असूनही पडद्यावर शब्द दोनदा दिसतो, कारण तो अजून बफरमध्येच, म्हणजे छापण्याआधी मजकूर साठवण्याच्या तात्पुरत्या जागेतच असतो, फोर्क होताना बफरचीही प्रत नव्या प्रोसेसकडे जाते आणि संपताना दोन्ही प्रोसेस आपापला बफर रिकामा करतात. नवी ओळ दिली की टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या पडद्यावर, तो शब्द एकदाच येतो. मात्र हाच प्रोग्राम, एक अक्षरही न बदलता, आउटपुट फाइलकडे वळवून चालवला तर फाइलमध्ये तो पुन्हा दोनदा सापडतो, कारण टर्मिनलसाठी बफर ओळ संपताच रिकामा होतो, फाइलसाठी तसे होत नाही. मी तपासलेल्या बहुतेक जर्नलांत या ठिकाणी शब्द एकदाच लिहिलेला असतो.

दुसरी अडचण अशी की, स्क्रिप्टिंग हा सोपा, वरवरचा भाग समजून सिस्टीम कॉलपासून, म्हणजे फोर्कसारख्या ऑपरेटिंग सिस्टीमकडून थेट काम करून घेणाऱ्या सूचनांपासून, वेगळा शिकवला जातो. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ साली युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमची सुरुवात केली, डग मॅकइलरॉय यांच्या आग्रहामुळे १९७३ मध्ये त्यात एका कमांडचे आउटपुट दुसरीला पुरवणारा पाइप आला, हे विद्यार्थी पाठ करतात. पण दोन कमांडच्या मध्ये उभी रेघ टाकल्यावर शेल नेमके काय करते, असे विचारले की गप्प होतात. शेल आधी पाइप तयार करते, दोन प्रोसेस निर्माण करते, एकीचे आउटपुट आणि दुसरीचे इनपुट पाइपच्या टोकांना जोडते आणि मग एक्झेक या सिस्टीम कॉलने त्या कमांड चालवते. असे एक छोटे शेल प्रत्येक विद्यार्थ्याकडून सत्रभरात लिहून घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मूळ प्रोसेसमध्ये पाइपचे लिहिण्याचे टोक बंद करायचे राहिले, तर वाचणाऱ्या कमांडला मजकूर संपल्याचे कळतच नाही आणि ती थांबून राहते. ही चूक ज्याने स्वतः शोधून काढली, त्याला फाइल डिस्क्रिप्टर (उघडलेल्या फाइलला किंवा पाइपच्या टोकाला मिळणारा क्रमांक) पुन्हा समजावून सांगावा लागत नाही.

स्क्रिप्टमध्येही जोखमीच्या जागा असतात. पहिल्या ओळीत एका फोल्डरमध्ये जायचे आणि दुसऱ्या ओळीत तिथल्या सगळ्या फाइली पुसायच्या, अशी स्क्रिप्ट असेल आणि ते फोल्डरच नसेल, तर पहिली ओळ फसते, शेल तरीही पुढे जाते आणि भलत्याच जागच्या फाइली पुसल्या जातात. प्रत्येक कमांड संपताना एक आकडा परत देते, शून्य म्हणजे यश, आणि तो तपासायचा असतो, ही सवय लॅबमध्येच लागायला हवी.

संगणक कमी आणि जुने आहेत, ही सबब मला पटत नाही. युनिक्ससारख्याच लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमला परवाना शुल्क नाही आणि टर्मिनलवरच्या या कामाला जुना संगणकही पुरतो. आपल्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन सुरू केले ते उद्योगधंद्यांचे शिक्षण प्रत्यक्ष कामातून मिळावे म्हणूनच. त्या शहरात तरी ही मागणी नवी वाटू नये.

माझी विनंती एवढीच आहे की, विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांनी या विषयातले जर्नलचे गुण कमी करावेत आणि ते चालत्या प्रोग्रामला द्यावेत. तोंडी परीक्षेत व्याख्या विचारण्याऐवजी विद्यार्थ्याच्याच प्रोग्राममधली एक ओळ काढून आता काय होईल असे विचारावे आणि त्याचे उत्तर त्याच्यासमोरच प्रोग्राम चालवून पडताळावे.

आपला,
एक बाह्य परीक्षक
दांडिया बाजार, बडोदे