मुद्देमाल माझा आहे, परत द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात पान ५ वर 'दरोड्याच्या तयारीतील पारधी टोळी जेरबंद' ही बातमी वाचली. वाचली म्हणजे चहा पिता पिता वाचायला घेतली आणि चहा तसाच राहिला. तुमच्या वार्ताहरानं मेहनत घेतलीय यात वादच नाही, पोलिसांच्या प्रेसनोटमधला एक शब्द इकडचा तिकडं झालेला नाही. 'सापळा रचून', 'शिताफीनं', 'मुसक्या आवळल्या', सगळं जागच्या जागी.

आधी मुद्देमालाचं सांगतो. एक कोयता, नायलॉनची दोरी, मिरचीपूड, बॅटरी आणि विनानंबरची मोटारसायकल. त्यातला कोयता माझा आहे, मुठीला निळी चिकटपट्टी मी स्वतः गुंडाळलीय. दोरी विहिरीवरच्या बादलीची, तीही माझी. मिरचीपूड आमच्या हिनं दिलेली, गिरणीतनं दळून आणलेली, त्या डब्याचं झाकण अजून आमच्या फळीवर आहे. गाडी माझ्या पोराची जुनी, नंबरप्लेट गेल्या पावसाळ्यात तुटली आणि नवीन लावायला पोराला वर्षभर मुहूर्त मिळाला नाही, त्याचा काय दंड असेल तो मी भरतो. बॅटरी तेवढी त्याची स्वतःची.

तो म्हणजे माझा राखणदार. फासेपारधी आहे, अकरा वर्षं माझी डाळिंबाची बाग राखतो, बागेतच खोपी करून बायकोपोरांसकट राहतो. अकरा वर्षांत एक डाळिंब न विचारता तोडलेलं नाही, हे मी माझ्या सख्ख्या पुतण्यांबद्दल सांगू शकत नाही.

बातमीत तुम्ही दिलंय, मंगळवारी रात्री साडेदहा, हायवेचा फाटा. आता गंमत बघा, मंगळवारी आमच्याकडं रात्रीची लाइट होती, दहाला आली, आणि तेव्हापासून साडेबारापर्यंत तो आणि मी बागेत ठिबकचे फिल्टर धूत होतो. मी स्वतः. त्याला उचललं बुधवारी पहाटे चारला, खोपीतनं, बनियनवर. बरोबर त्याचा मेव्हणा आणि मुक्कामाला आलेला एक पाहुणा. जाताना खोपीतलं सामानही नेलं, तोच तुमचा मुद्देमाल.

'तिघे जेरबंद, दोघे अंधाराचा फायदा घेऊन पसार' असंही छापलंय. हे दोघे कोण, मला काही कळंना. मग माझा भाचा वकिली करतो त्याला फोन लावला तर तो हसायलाच लागला. म्हणला, मामा, कायद्यात दरोड्याला कमीत कमी पाच जण लागतात, तिघं असले तर दरोडा होत नाही, म्हणून दोघांना पळवावं लागतं. दरोड्याच्या तयारीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे म्हणे. आता तुमच्याच पेपरचे जुने अंक काढून बघा, दर वेळी कोयता, दोरी, मिरचीपूड आणि दर वेळी दोघं-तिघं अंधारात पसार. इतकी माणसं पळाली तरी जातात कुठं?

ठाण्यात गेलो. साहेब चांगले बोलले, खुर्ची दिली. म्हणाले, "मामा, तुम्ही भोळे आहात, ही जात तुम्हाला माहीत नाही." मी अकरा वर्षं ओळखतो, साहेबांना बदली होऊन येऊन चार महिने झालेत, पण माहिती त्यांना जास्त. माझा जबाब घ्या म्हणलं तर म्हणाले, गरज पडली तर बोलवू. आज शुक्रवार, गरज पडलेली नाही.

आणि आता ऐका. बुधवारी रात्री बागेत राखण नाही, तर माझ्या मोटारीची तीनशे फूट केबल कापून नेली. राखणदार कोठडीत आणि चोर माझ्या विहिरीवर! त्याची तक्रार द्यायला परत त्याच ठाण्यात गेलो तर गुन्हा दाखल नाही, नुसता अर्जावर शिक्का. मामा, केबलच्या लय तक्रारी आहेत, बघू. पोलिसांची रात्रीची गाडी निघाली की ती सरळ पारध्यांच्या पालावर जाते हे केबल चोरणाऱ्यांना चांगलं ठाऊक झालंय, त्यांना दुसरीकडं रान मोकळं.

माझं सगळं स्वच्छ आहे असं म्हणत नाही. आमच्या आजोबांकडं पाटीलकी होती, पारध्यांची रात्रीची हजेरी आमच्याच वाड्यापुढं व्हायची असं वडील सांगायचे. इंग्रजांनी १८७१ ला कायदाच केलेला, अमुक जातीत जन्मला की गुन्हेगार. तो ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला, मग १९५९ ला आपल्या राज्यानं सराईत गुन्हेगारांचा कायदा आणला. जातीचं नाव गेलं आणि 'सराईत' आलं. तुम्हीही काल 'सराईत' लिहिलंय. ह्या माणसावर आजवर एक केस नाही हो. सोलापूरला डाळिंब घेऊन जातो तेव्हा तिथल्या एका भागाला रिक्षावाले अजून 'सेटलमेंट' म्हणतात, तिथं ह्या लोकांना तारेच्या कुंपणात ठेवलेलं. तार गेली, नाव काही जाईना.

भाच्यानं नाशिकची केसही सांगितली. २००३ ला एका घरात पाच जणांचा खून झाला, त्यात भटक्या जमातीतले सहा जण धरले. वाचलेल्या बाईनं सुरुवातीला पोलिसांच्या फोटोंमधनं दुसरेच चार जण ओळखलेले, त्यांच्याकडं कुणी बघितलंच नाही. २००९ ला सुप्रीम कोर्टानं सहाही जणांना फाशीची शिक्षा दिली आणि त्याच कोर्टानं ५ मार्च २०१९ ला सहाही जणांना निर्दोष सोडलं, वर पाच-पाच लाख भरपाई. सोळा वर्षं गेली, काही काळ फाशीची वाट बघत. एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. ३ ऑक्टोबर २०२४ ला जेलमधल्या जातीभेदाच्या निकालात कोर्टानं विमुक्त जमातींना, म्हणजे त्या इंग्रजांच्या कायद्यातनं सुटलेल्यांना, मनमानी अटक होता कामा नये असं पोलिसांना बजावलंय. आमच्या ठाण्यापर्यंत ते पोस्टानं येत असेल बहुतेक.

पोलिसांचं सोडा, तुमच्याकडं येतो. फोटोत तिघांच्या तोंडावर काळा कपडा घातलाय, म्हणजे ओळख पटू नये, आणि हेडिंगात जात उघडी. दोन महिन्यांपूर्वी आमच्याच भावकीतली पोरं वाळू चोरताना ट्रॅक्टरसकट सापडली, तेव्हा 'मराठा टोळी जेरबंद' असं का नाही छापलं? 'वाळूतस्कर' छापलंत. आम्हाला धंद्याचं नाव आणि त्यांना जातीचं.

त्याची पोरगी आश्रमशाळेत सातवीला आहे. काल तिथल्या कुणीतरी तुमचं पान ५ मोबाइलवर सगळ्यांना दाखवलं. ती संध्याकाळी खोपीवर निघून आली, परत जायचं नाही म्हणते. आमची ही तिच्याजवळ बसून होती. आजूबाजूचे दोन मळेवाले माझ्याकडं येऊन सांगून गेले की आता ती खोपी उठव, गावाला त्रास नको. बागेत फळ धरलंय, उद्या राखण कोण करणार ते त्यातला एकही सांगत नाही.

सोमवारी जामिनाला माझा सातबारा घेऊन जातोय. त्याच्याकडं सातबारा असता तर ही वेळच आली नसती म्हणा.

जाता जाता एक, रागावू नका. कालच्याच शब्दकोड्यात आडवा ९, 'लुच्चा, चोर', अक्षरं तीन. उत्तर 'भामटा'. सरकारच्या विमुक्त जातींच्या यादीत राजपूत भामटा ही जात आहे, त्यांच्यातली पोरंही शब्दकोडं सोडवत असतील. आणि तसंही तुमचं शब्दकोडं हल्ली फार सोपं असतं.

वर्गणी डिसेंबरपर्यंत भरलीय म्हणून पेपर चालू ठेवतोय. नाव-पत्ता सोबत दिलाय, छापू नये, मला त्याच ठाण्यात केबलसाठी हेलपाटे घालायचेत. पोलिसांशी तुमच्या वार्ताहराचं चांगलं दिसतंय, तर त्यांना एवढं विचारा, मिरचीपूड ठेवून घ्या म्हणावं, कोयता तेवढा लवकर द्या, बांधावरची बाभळ वाटेत आलीय.

आपला,
एक डाळिंबवाला, जुना वर्गणीदार