शेवटच्याचंही नाव छापा

महोदय,
शर्यतींच्या बातमीत पहिल्या तिघांचीच नावं येतात, म्हणून हे पत्र. ११ फेब्रुवारी २०२२ रोजी बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये पुरुषांची १५ किलोमीटर क्रॉस-कंट्री स्कीइंगची शर्यत फिनलंडच्या ईवो निस्कानेनने ३७ मिनिटं ५४.८ सेकंदांत जिंकली. जिंकूनही तो त्या थंडीत अंतिम रेषेपाशीच थांबला. सर्वांत शेवटी कोलंबियाचा आंद्रेस किंताना आला, तेव्हा त्याला मिठी मारूनच हलला.

मी शाळेत खेळ शिकवतो. आमच्याकडे शेवटचं पोर मैदानात शिरतं तेव्हा मांडव उतरवायला घेतलेला असतो. मागच्या हिवाळ्यात एक मुलगी बुटाचा निघालेला तळवा हातात धरून पोहोचली. टाळ्या वाजवायला मी एकटाच होतो. निकालात शेवटच्याचंही नाव छापाल का?

— एक क्रीडाशिक्षक, सातारा