ट्रेकच्या जाहिरातीत मुक्कामाची उंचीही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या सुट्टीत एव्हरेस्ट बेस कॅम्पला जायचे बेत उन्हाळ्यातच ठरू लागतात. पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर इथून दरवर्षी गट निघतात आणि त्यांच्या जाहिराती पुरवण्यांतून येतात. किती दिवस, किती पैसे, शाकाहारी जेवण मिळेल का, हे सगळे त्यात असते. कोणत्या रात्री किती उंचीवर झोपायचे, हे मात्र बहुधा नसते. आमच्या मते पैसे भरण्याआधी पाहायची पहिली गोष्ट तीच. ट्रेक नेणाऱ्या संस्थांनी आणि जाहिरात छापणाऱ्या वृत्तपत्रांनीही मुक्कामाचे गाव आणि त्याची उंची देण्याचा प्रघात पाडावा, अशी आमची विनंती आहे.

लुक्ला ते लुक्ला हा ट्रेक नीट करायचा तर अकरा दिवस लागतात. विमान उतरते ते लुक्ला सुमारे २,८५० मीटरवर. पहिल्या दिवशी चढण्याऐवजी दूधकोशी नदीच्या काठाने उतरून फाकदिंगला (२,६१०) मुक्काम. दुसऱ्या दिवशी मोंजोच्या नाक्यावर सगरमाथा राष्ट्रीय उद्यानाची नोंद, मग उंच झुलता पूल आणि नामचे बाजारची (३,४४०) न संपणारी चढण. नामचेत दोन रात्री. पुढे तेंगबोचे (३,८६०), मग दिंगबोचे (४,४१०), तिथे पुन्हा दोन रात्री. त्यानंतर लोबुचे (४,९४०) आणि गोरक शेप (५,१६४). गोरक शेपला सामान टाकून बेस कॅम्पला (५,३६४) जायचे आणि झोपायला परत यायचे. दुसऱ्या पहाटे काला पत्थर हा जवळचा माथा चढून थेट फेरिचेपर्यंत खाली, मग नामचे, मग लुक्ला. बेस कॅम्पवरून एव्हरेस्टचे शिखर दिसत नाही, ते काला पत्थरवरून दिसते. हे आधी सांगितले नाही की लोकांचा फार विरस होतो.

पर्वतीय वैद्यकातला सर्वमान्य दंडक असा, की तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र जास्तीची त्याच उंचीवर काढावी. फाकदिंग ते नामचे ही एका दिवसाची झेपच ८३० मीटरची आहे. तेंगबोचे ते दिंगबोचे ५५०, दिंगबोचे ते लोबुचे ५३०. म्हणजे चांगला कार्यक्रमही दंडकाच्या काठावरूनच चालतो, आणि तो सांभाळला जातो केवळ नामचे आणि दिंगबोचेच्या दुसऱ्या रात्रीमुळे. हा दिवस दुलईत पडून राहण्याचा नाही. नामचेहून ३,८८० मीटरवरच्या हॉटेल एव्हरेस्ट व्ह्यूपर्यंत चढायचे, खुमजुंग गावातून फिरून यायचे आणि पुन्हा नामचेतच झोपायचे. दिंगबोचेला गावामागच्या नांगकार्त्सांगच्या धारेवर जमेल तेवढे चढून उतरायचे.

हा वेळ कशाला लागतो, ते समजून घेतले की घाई करावीशी वाटत नाही. बेस कॅम्पला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. प्राणवायू कमी पडतो म्हणून आपण भराभर श्वास घेतो. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, रक्त अल्कधर्मी होते आणि मेंदू श्वासाला आवर घालू लागतो. झोपेत तर श्वास काही सेकंद थांबतो, मग धाप लागल्यासारखा सुटतो, आणि माणूस दचकून उठतो. मूत्रपिंडांनी जादा अल्क लघवीवाटे बाहेर टाकले की हे सुधारते, पण त्याला एक-दोन दिवस जातात. तंदुरुस्तीने हे काम लवकर होत नाही. महाराष्ट्रातले सर्वांत उंच ठिकाण कळसूबाई, १,६४६ मीटर, म्हणजे नामचेच्या निम्म्याहूनही कमी. त्यामुळे विरळ हवेचा सराव इथे करताच येत नाही. तो तिथेच, मुक्कामांच्या आखणीतून व्हावा लागतो.

स्वस्त आणि आटोपशीर कार्यक्रमांत कात्री नेमकी या दुसऱ्या रात्रींवर चालते. काही जण तेंगबोचे गाळून नामचेहून एकदम दिंगबोचे गाठतात, म्हणजे एका दिवसात ९७० मीटर. याची फळे त्याच दिवशी दिसत नाहीत. दोन दिवसांनी लोबुचेला माणूस आडवा होतो आणि सगळे म्हणतात, त्याची तब्येतच नाजूक होती.

लोबुचेच्या लॉजमध्ये संध्याकाळी जेवणघरातल्या शेगडीत वाळलेले शेण पेटवतात आणि सगळे तिच्याभोवती जमतात. जाणता गाइड त्या वेळी लोकांच्या ताटांकडे पाहत असतो. दुसऱ्यांदा डाळभात मागणाऱ्याची त्याला काळजी नसते. भात चिवडत बसलेला, ‘भूक नाही, जरा दमलोय’ म्हणणारा, टोपी काढून कपाळ दाबणारा, त्याला तो बाजूला घेऊन बसतो. डोकेदुखी आणि तिच्या जोडीला मळमळ, चक्कर किंवा गळून जाणे यातले काहीही असले, तर ती उंचीची बाधाच आहे असे धरून चालायचे. पित्त, ऊन, झोप झाली नाही, ही कारणे नंतर. अशा माणसाने दुसऱ्या दिवशी वर जायचे नाही. पॅरासिटामॉल, पाणी आणि त्याच उंचीवर विश्रांती. बरे वाटले तर पुढे, त्रास वाढला तर खाली.

दोन अवस्थांत मात्र सकाळची वाट पाहायची नसते. पहिली, मेंदूला सूज. माणूस असंबद्ध बोलतो, बुटाची नाडी बांधायला त्याला पाच मिनिटे लागतात, आणि जमिनीवरच्या सरळ रेषेवर टाच अंगठ्याला लावत दहा पावले चालायला सांगितले की तोल जातो. दुसरी, फुप्फुसांत पाणी. बसल्या जागी धाप लागते, खोकला वाढत जातो, ओठ निळसर होतात, पुढे गुलाबी फेस येतो. दोन्हींवर खरा उपाय एकच: ताबडतोब ३०० ते १,००० मीटर खाली उतरवणे, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत. प्राणवायूचे नळकांडे, डेक्सामेथासोन हे सूज कमी करणारे औषध, रुग्णाला आत झोपवून हवा भरायची दाबाची पिशवी, ही वेळ काढण्याची साधने आहेत. ती मिळाली म्हणून उतरायचे टाळायचे नाही.

म्हणून आयोजकाला एक प्रश्न जरूर विचारा: रात्री एकाला खाली न्यावे लागले तर त्याच्याबरोबर कोण जाणार, आणि उरलेल्यांबरोबर कोण राहणार? वीस जणांमागे एकच गाइड असेल तर या प्रश्नाला उत्तर नसते. पाच-सहा जणांमागे एक गाइड किंवा मदतनीस हवा. नेपाळने १ एप्रिल २०२३ पासून अनेक ट्रेकमार्गांवर गाइड सक्तीचा केला. खुंबूच्या, म्हणजे एव्हरेस्टच्या या परिसराच्या, स्थानिक पालिकेने तो नियम आपल्याकडे लावलेला नाही, तरी पहिल्यांदा जाणाऱ्याने गाइडशिवाय जाऊ नये. आणि गाइडने ‘उद्या तू वर नाही’ म्हटले की तो शब्द शेवटचा, हे निघण्याआधीच सगळ्यांसमोर ठरवून घ्यावे. आपल्या गटांत डोकेदुखी लपवण्याची खोड फार आहे. आपल्यापायी सगळ्यांचा खोळंबा होईल, घरी काय सांगायचे, या संकोचापोटी लोक गप्प राहतात. रोज संध्याकाळी गाइडने प्रत्येकाला नाव घेऊन विचारले तर हे बरेच कमी होते.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आता प्रत्येकाच्या खिशात असतो. गोरक शेपला ७५-८० आकडा दिसला म्हणून घाबरू नका आणि ८८ दिसला म्हणून डोकेदुखीकडे काणाडोळा करू नका. बोट गार असेल तर आकडा चुकतो, त्यामुळे हात चोळून, स्वस्थ बसून मोजा. लक्षणे आधी, आकडा नंतर. डायमॉक्स, म्हणजे ॲसिटाझोलामाइड, उंचीच्या बाधेच्या प्रतिबंधासाठी साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात. बोटांना मुंग्या येतात, लघवी जास्त होते. सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी आणि मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये. झोपेची गोळी आणि दारू वर जाताना पूर्ण वर्ज्य, दोन्हींनी रात्रीचा श्वास आणखी मंदावतो. दिंगबोचेजवळच्या फेरिचेला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचे मदतकेंद्र आहे. हंगामात तिथले डॉक्टर दुपारी उंचीच्या त्रासावर माहिती देतात. दिंगबोचेच्या दुसऱ्या दिवशी गाइडने गटाला तिथे न्यावे.

तारखांची घट्ट बांधणी हेही आजारपणाचे मोठे कारण आहे. लुक्लाची धावपट्टी जेमतेम ५२७ मीटर लांब, चढावाची, एका टोकाला डोंगर आणि दुसऱ्या टोकाला दरी. उतरता उतरता विमान पुन्हा वर घेण्याची सोय नाही. दुपारकडे ढग आणि वारा वाढतो, म्हणून उड्डाणे सकाळी होतात आणि हवा बिघडली की दोन-दोन दिवस बंद पडतात. गर्दीच्या हंगामात विमाने बहुतेक काठमांडूऐवजी रामेछापच्या मंथली विमानतळावरून सुटतात. तिथे पोचायला काठमांडूहून मध्यरात्रीनंतर गाडीने चार-पाच तास जातात. मुंबईचे परतीचे विमान लुक्लाहून निघण्याच्या दुसऱ्याच दिवशीचे काढले, की वाटेतला एक दिवस वाचवण्याचा मोह होतो आणि तो दिवस नामचे-दिंगबोचेचाच असतो. किमान दोन दिवस हातात ठेवा. लुक्लाच्या विमानात सामानाला सगळे मिळून १५ किलोची मर्यादा असते, तेवढे पुरते.

विमा घेताना पॉलिसीत उंचीची मर्यादा आणि हेलिकॉप्टरने सुटका हे दोन मुद्दे शोधून वाचा. साध्या प्रवास विम्यात उंचावरचा ट्रेक वगळलेला असू शकतो. ६,००० मीटरपर्यंतचे संरक्षण हवे. २०१८ मध्ये नेपाळ सरकारच्या चौकशीत गरज नसताना हेलिकॉप्टर बोलावून विम्याची खोटी बिले लावण्याचे प्रकार उघड झाले होते. विमा कंपनीचा तातडीचा क्रमांक गटातल्या दोघांकडे तरी असावा आणि जीवावर बेतलेले नसेल तर आधी तिथे फोन करावा.

वाट गावांतून जाते आणि गावांची रीत पाळावी लागते. मंत्र कोरलेल्या मणी भिंती आणि चोर्तेन (बौद्ध स्तूप) उजव्या हाताला ठेवून पुढे जायचे. याक, झोपक्यो (याक आणि गाईचा संकर) किंवा खेचरांचा तांडा आला की डोंगराच्या अंगाला चिकटून उभे राहायचे, दरीच्या कडेला कधीही नाही, कारण ओझ्याचा एक धक्का पुरतो. पुलावर तांडा असेल तर तो उतरेपर्यंत थांबायचे. जिथे झोपतो तिथेच जेवायचे, खोलीचे भाडे कमी असते ते त्या हिशेबानेच. वर जाल तसा डाळभात महागतो, कारण तांदळाचा दाणान् दाणा माणसाच्या किंवा जनावराच्या पाठीवरून आलेला असतो. तिथे घासाघीस शोभत नाही. नामचेच्या वर मांस टाळावे. या भागात जनावर मारत नाहीत, मांस खालून अनेक दिवसांचा प्रवास करून येते. पाणी उकळलेले किंवा क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबून प्यावे, गार पाण्यात त्याहून जास्त वेळ. नाका-तोंडावर बफ (ओढून घ्यायचा गळपट्टा) हवाच, कोरड्या गार हवेने घसा सोलवटतो आणि खोकला घरी आल्यावरही आठवडाभर राहतो.

भरियाच्या, म्हणजे ओझे वाहणाऱ्याच्या, पाठीवर त्याचे स्वतःचे सामान धरून ३० किलोपेक्षा जास्त ओझे नसावे. म्हणजे दोघांमागे एक भरिया आणि प्रत्येकाची पिशवी १२ किलोच्या आत. त्याचा विमा काढला आहे का, त्याच्याकडे धड बूट आणि जॅकेट आहे का, रात्री तो कुठे झोपतो, हेही आयोजकाला विचारा. भरियालाही उंची लागते, आणि तो तर आपल्याहून कमी बोलतो.

तयारीसाठी तीन महिने धरा. आतकरवाडीतून सिंहगड आठवड्यातून दोनदा, पाठीवर सहा-सात किलो घेऊन, आणि उतरणे चढण्याइतकेच मनावर घेऊन. परतीच्या दोन दिवसांत गुडघेच दगा देतात. पन्नाशीच्या पुढच्यांनी रक्तदाब आणि हृदयाची तपासणी करून घ्यावी, चालू औषधे स्वतःहून बंद करू नयेत. इन्सुलिन गोठले की निकामी होते, ते आणि ग्लुकोमीटर अंगाजवळ, रात्री झोपण्याच्या पिशवीत ठेवावे. पूर्वी कधी उंचीवर फुप्फुसात पाणी झाले असेल तर ते आयोजकाला लेखी कळवावे.

शेवटी कागदपत्रे. नेपाळच्या विमानप्रवासासाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागते. १५ ते ६५ वयाच्या प्रवाशाला आधार कार्ड चालत नाही, आणि दर हंगामात कोणी ना कोणी यापायी मुंबईच्या विमानतळावरून परत फिरतो. मोंजोच्या नाक्यावर सार्क देशांच्या नागरिकांना शुल्कात सवलत आहे, तिथेही हेच ओळखपत्र दाखवावे लागते. ते भरियाकडच्या मोठ्या पिशवीत (डफलमध्ये) नव्हे, पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवा.

आपले,
हिमालयातील ट्रेकची आखणी करणारे काही गिर्यारोहक, पुणे