हस्कीची हजामत करू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

होळी सरली की सांगली-मिरजेत हस्की जातीचे कुत्रे पाळणाऱ्यांची एक मागणी ठरलेली असते : मशीन फिरवून सगळे केस काढून द्या, बिचाऱ्याला उकडते. हेतू चांगला, पण त्यात नुकसान कुत्र्याचेच होते.

हस्कीच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. आत दाट मऊ लव, वर राठ लांब केस. वरचा थर ऊन थेट कातडीवर पडू देत नाही. तो उतरवला की कातडी भाजते. केस परत येतानाही लव आधी येते, राठ केस मागाहून, काहींना ठिगळाठिगळांनी, तर काहींना वर्षभर येतच नाहीत. शिवाय कुत्रा आपल्यासारखा अंगाने घाम गाळत नाही. तो मुख्यतः धापा टाकून थंड होतो. त्यामुळे केस काढून फारसे काही हाती लागत नाही. काढायची ती सुटलेली लव. वर्षातून दोनदा ती गठ्ठ्यांनी सुटते, आपल्या हवेत थोडीफार बाराही महिने. अंडरकोट रेक (आतली लव काढायचा लांब दातांचा कंगवा) घेऊन मानेभोवती, मांड्यांच्या मागे आणि शेपटीच्या बुडाशी रोज दहा-पंधरा मिनिटे केसांच्या दिशेने फिरवावा. दात कातडीपर्यंत पोचले पाहिजेत. नुसता वरवर फिरवला तर आत गाठी धरतात आणि हवा खेळत नाही. पावसाळ्यात अंघोळीनंतर हीच लव आत ओली राहते व कातडी लाल होऊन चिघळते. ब्लोअरने, पण गार हवेवर, बुडापर्यंत वाळवावी.

उन्हाळ्यात इथला पारा चाळिशीला टेकतो. फिरवणे सकाळी सहाच्या सुमारास नाहीतर रात्री, तेही आपल्या हाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद टेकवता आली तरच. बंद खोलीत कूलर लावला की दमटपणा वाढतो आणि धापांचा उपयोग उलट कमी होतो, म्हणून खिडकी उघडी हवी. एसी असेल तर उत्तम, मात्र वीज गेल्यावर कुत्र्याला कुठे ठेवायचे हे आधीच ठरलेले असावे.

उष्माघाताची लक्षणे पालकांनी पाठच करावीत : न थांबणारी धाप, चिकट घट्ट लाळ, विटेसारख्या लाल हिरड्या, मग झोकांड्या. गुदद्वारात थर्मामीटर लावून ताप बघावा. ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस ठीक, ४० च्या वर धोका, ४१ म्हणजे मिनिटांचा खेळ. अशा वेळी गाडी काढण्याआधी पाणी मारायला लागा. येथे दोन चुका होतात. गच्चीवरच्या काळ्या टाकीतले पाणी दुपारी गरम असते, ते आधी वाहू द्या किंवा हौदातले घ्या. दुसरे, हस्कीच्या पाठीवर पाणी ओतले की वरच्या केसांवरून ते नुसते निथळते. बोटांनी केस फाकून पोट, जांघा आणि काखा यांची कातडी ओली करायची आणि समोर पंखा लावायचा. ओला टॉवेल पांघरू नये, त्याखाली उष्णता कोंडते. ३९.५ वर आल्यावर थांबावे, नाहीतर ताप गरजेपेक्षा खाली घसरतो. तोंडात जबरदस्तीने पाणी ओतू नये. तापाची गोळी तर मुळीच नको : हा ताप जंतूंचा नाही, गोळीने उतरत नाही, आणि माणसांच्या कित्येक गोळ्या कुत्र्याला विषारी आहेत. कुत्रा उठून शेपटी हलवू लागला तरी डॉक्टरांकडे न्यावाच. मूत्रपिंड आणि रक्त गोठण्याचे बिघाड एक-दोन दिवसांनी उघडे पडतात.

खाण्याबद्दल. या जातीत जस्त नीट शोषले न जाण्याचा आनुवंशिक दोष आढळतो. डोळ्यांभोवती, ओठांच्या कडेला, कोपरांवर खपल्या धरतात आणि घरचे लोक खरूज समजून मलमे चोळत बसतात. चपाती-भाकरीतल्या धान्यात फायटेट नावाचे द्रव्य असते, ते जस्त अडवते. जास्तीचे कॅल्शियमही तेच करते. त्यामुळे दूध-भाकरीवर वाढवलेल्या हस्कीत हा त्रास हटकून वाढतो. आहार मांस-अंड्यांवर बेतलेला हवा आणि जस्ताची मात्रा वजन पाहून डॉक्टरांनीच ठरवावी. वीस किलोच्या घरगुती कुत्र्याला दिवसाला हजार कॅलरींच्या आसपास पुरते. उन्हाळ्यात तो ताटली अर्धी सोडतो म्हणून बिस्किटे चारू नयेत.

आपल्या जिल्ह्यापुरती एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. द्राक्षे कुत्र्याला विषारी आहेत, बेदाणा त्याहून जास्त, कारण तेच द्रव्य त्यात आटून येते. किती खाल्ल्यावर मूत्रपिंड बंद पडेल याचा नेम नाही. तासगाव भागात बेदाणा शेडवर किंवा बागेत हस्की मोकळा सोडणारे आहेत. त्यांनी हे करू नये. चुकून खाल्लाच तर उलटीची वाट न पाहता तासाभरात दवाखाना गाठावा.

राखणीसाठी हा कुत्रा घेणाऱ्यांची निराशा ठरलेली. तो भुंकतो कमी, हेल काढून रडतो जास्त, आणि चोराचेही स्वागत करतो. सैबेरियातल्या चुक्ची लोकांनी त्याला ओढण्यासाठी घडवले. १९२५ साली अलास्कातल्या नोम गावाला घटसर्पावरचे औषध पोचवले ते अशाच कुत्र्यांच्या गाड्यांनी, सुमारे १,०८५ किलोमीटर हिमातून. ती धाव दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर निघते. बंगला असेल तर कुंपण सहा फूट हवे आणि बुडाशी जाळी दीड फूट पुरलेली, कारण तो उकरून निसटतो. मग शेजारच्या कोंबड्यांचे काही खरे नाही.

यानंतरही घ्यायचाच असेल तर २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनुसार विक्रेत्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकता येत नाही. नोंदणीचा दाखला मागावा, आणि पिल्लाच्या आईवडिलांच्या डोळ्यांच्या तपासणीचे कागदही. या जातीत मोतीबिंदू आनुवंशिक असतो. कागद दाखवायला टाळाटाळ करणाऱ्याकडून पिल्लू घेऊ नये.

– एक पशुवैद्य, विश्रामबाग, सांगली