सर, त्या दोन चांदण्यांसाठी थँक्यू

सर, नमस्कार.

तुमचं नाव इथं टाकत नाही. टाकलं तर पुढच्या रविवारी लेकीला चित्रकलेच्या क्लासला सोडायला आलो की तुम्ही तोंड फिरवून बसणार हे माहितीय. ज्याला कळायचं त्याला कळेल.

मी काय लिहिणारा माणूस नव्हे, कोल्हापुरात शाहूपुरीत स्पेअर पार्टचं दुकान आहे, दिवसभर नटबोल्ट आणि ग्रीस. पण काल रात्री दुकान बंद करून घरी आलो आणि बघतो तर लेक कॉटखाली उताणी पडलीय, मनगटाला दोऱ्यानं खडू बांधलाय आणि कॉटच्या फळीला खालनं कागद चिकटवून चित्र काढतीय. आईनं जेवायला तीनदा हाक मारली तर म्हणते, "थांब गं, मी यानाच्या बाहेर हाय." हसू पण आलं आणि डोळ्यात पाणी पण. म्हटलं आता लिहायचंच.

कारण याच पोरीनं आधी सात-आठ महिने खडूला हात लावला नव्हता.

तुमच्याआधी ज्या क्लासला घातलेलं त्याचं नाव घेत नाही. फी तुमच्या तिप्पट, हॉलला एसी. स्पर्धेला विषय दिला 'माझी अंतराळ सफर'. हिनं चंद्र काढला, वर सगळं आभाळ काळंकुट्ट आणि कोपऱ्यात एवढीशी निळी पृथ्वी. तिथल्या मॅडमनी कागद सगळ्यांसमोर धरला आणि म्हणाल्या, बघा, काळ्या रंगाची आख्खी बाटली संपवली बाईंनी, आणि चांदण्या कुठायत? पोरं हसली. पहिला नंबर पिवळ्याधमक पाच टोकांच्या चांदण्या आणि हसरा चंद्र काढणाऱ्याला. बरं मी तरी काय शहाणा, गाडीवरनं येताना मीच म्हणालो, काढायच्या की गं चार चांदण्या, काय जातंय आपलं. काही बोलली नाही. घरी येऊन रंगाचा डबा कपाटावर ठेवला, तिचा हात पोचणार नाही तिथं, खुर्ची घेऊन.

मग तुमच्याकडं आली, ती पण मैत्रिणीमुळं. पहिले दोन रविवार नुसती बसून. तिसऱ्या रविवारी तोच चंद्र परत काढला आणि त्या दिवशी मी न्यायला लवकर आलेलो म्हणून दारातनं सगळं बघितलं. तुम्ही मागनं आलात, छान म्हणालात आणि सवयीनं तिच्याच ब्रशनं वर दोन पांढऱ्या चांदण्या टेकवल्या. माझ्या पोटात धस्स झालं. म्हटलं झालं, गेली परत.

पण ती म्हणाली, "सर, तिथं दिवस हाय."

तुम्ही खाली फरशीवर बसलात. नीट सांग म्हणालात. मग तिनं सांगितलं की चंद्रावर हवाच नाही त्यामुळं दिवसा पण आभाळ काळंच, आणि उन्हात जमीन एवढी झगझगीत असते की कॅमेरा तिच्या हिशोबानं लावावा लागतो, मग बारीक चांदण्या फोटोत येत नाहीत. हे तिनं कुठं वाचलं मला आजपण माहीत नाही. 23 ऑगस्ट 2023 ला चंद्रयान उतरलं तेव्हा टीव्हीसमोरनं हलली नव्हती एवढं आठवतंय, तेव्हापासनंच काहीतरी शिरलं असणार डोक्यात.

आणि तुम्ही म्हणालात, "बरोबर आहे. चुकलं माझं. पुसू का?"

पुसू का! तिला विचारलंत. तिनं मान हलवल्यावर काळा रंग घेतलात आणि स्वतःच्या चांदण्या स्वतःच्या हातानं झाकल्यात, सगळ्या पोरांसमोर. सर, आमच्या पिढीला मास्तर चुकतो हेच माहीत नव्हतं. चुकलं तरी आपणच अंगठे धरून उभं. चुकलं म्हणायला काय पैसे पडत नाहीत, पण घरात, दुकानात, बँकेत कुठंच ऐकू येत नाही हो हा शब्द, मी पण गिऱ्हाइकाला कधी म्हणालोय आठवत नाही.

त्यानंतरचं तर काय सांगायचं. तुम्ही त्यांना अलेक्सी लिओनोव्हचं सांगितलंत, 18 मार्च 1965 ला यानाबाहेर पडणारा पहिला माणूस, बारा मिनिटं बाहेर होता, आणि आत येऊन रंगीत पेन्सिलींनी सूर्योदय काढला, पेन्सिली तरंगत जाऊ नयेत म्हणून दोऱ्यानं बांधलेल्या. लगेच सगळ्या वर्गाच्या मनगटाला दोरे आणि पोरं बेंचखाली! ॲलन बीनचं पण सांगितलंत, 1969 ला चंद्रावर चाललेला चौथा माणूस, 1981 ला नासा सोडून चित्रकार झाला आणि सूटच्या बिल्ल्यांवरची चंद्राची धूळ रंगात मिसळायचा. तेव्हापासनं आमच्या घरी गॅलरीतली धूळ गोळा होतीय, बायको वैतागलीय.

आणि नोव्हेंबरात किरणोत्सव. आम्ही जन्मापासनं अंबाबाईचा किरणोत्सव बघतोय, मावळतीचं ऊन देवळात मूर्तीवर येतं, पाय, छाती, मग तोंड, हात जोडतो आणि येतो. तुम्ही पोरांना विचारलंत, 9 ते 11 नोव्हेंबर आणि परत 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी, हेच दिवस का? महिनाभर गच्चीवरनं सूर्य कुठं बुडतो ते काढायला लावलंत. मग कळलं, सूर्य दक्षिणेकडं सरकत 21-22 डिसेंबरला परत फिरतो, त्याच्या आधी जेवढे दिवस जवळजवळ तेवढेच नंतर, म्हणून मावळतीची तीच जागा दोनदा येते. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी मला हे माझ्या पोरीच्या वहीतनं कळलं.

कोल्हापूर म्हणजे कलापूर, कलापूर म्हणून भाषणं होतात, आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर या इथल्या चित्रकारांची नावं घेतली की टाळ्या, खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर 1938 ला इथंच जन्मले त्याच्या पण टाळ्या. आणि शाळेत गणिताचा पोर्शन राहिला की पहिला चित्रकलेचा तास कापायचा. असो, तो विषय काढला तर रात्र जाईल.

ते चंद्राचं चित्र दुकानात लावलंय, काउंटरच्या मागं. संध्याकाळी शटरमधनं तिरकं ऊन आलं की काळ्या रंगाखाली तुमच्या दोन चांदण्यांचे उंचवटे दिसतात, जाड रंग होता ना. परवा एक गिऱ्हाईक म्हणालं इथं काहीतरी चिकटलंय, आणि नखानं काढायला लागलं. एवढ्या जोरात ओरडलो मी, बिचारा घाबरला. (मग चुकलं म्हणालो त्याला.)

बाकी सर, कॉटच्या फळीला तेलखडूचे डाग पडलेत, ते कशानं जातात तेवढं सांगा. घाई नाही. अजून पडणारच आहेत.