गाण्याची ओळ आणि तिची तारीख

प्रिय सई,

अमेरिकेतल्या तुझ्या खटल्यात अशिलाच्या रॅपच्या ओळी पुरावा म्हणून ज्यूरीपुढे येऊ नयेत, या अर्जाचा मसुदा वाचला. पहिली चार पानं अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर खर्ची पडली आहेत, ती अर्ध्या पानावर आण. आरोपीचं बोलणं हेतू सिद्ध करायला वापरलं तर पहिली घटनादुरुस्ती (तिथली अभिव्यक्तिस्वातंत्र्याची हमी) आड येत नाही, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्येच विस्कॉन्सिन विरुद्ध मिचेल खटल्यात सांगून टाकलंय. आपल्याकडे अंबरनाथला 2023 मध्ये मराठी रॅपवरून गुन्हा नोंदला गेला, तिथे गाणं हाच आरोप होता. तिथे हा मुद्दा सगळ्यात आधी. तुझ्या अशिलावर आरोप गोळीबाराचा आहे आणि गाणं वरून चिकटवलंय.

तुझा खरा आधार न्यू जर्सीचा 2014 चा स्किनर निकाल. तिथे ज्यूरीला आरोपीच्या रॅपची तेरा पानं वाचून दाखवली होती आणि त्यातलं बरंचसं गोळीबाराच्या कितीतरी आधी लिहिलेलं होतं. न्यायालय म्हणालं, ओळीतला नेमका तपशील आणि गुन्हा यांच्यात घट्ट धागा हवा. बॉब मार्लीने शेरीफला गोळी घातल्याचं गाणं गायलं म्हणून ती त्यानेच घातली असं कोणी धरत नाही, हा दाखलाही त्यातलाच. (शाहीर लावणीत बाईच्या तोंडून बोलतो म्हणून तो बाई ठरत नाही, पण हे तिथल्या ज्यूरीला कोण सांगणार!)

म्हणून चार रकान्यांचा तक्ता कर: ओळ, लिहिल्याची तारीख, गुन्ह्याशी जुळणारा तपशील, तो तपशील बाहेर कुणाला ठाऊक होता का. बंदूक, पैसा, पोलिसांना शिव्या हे तिसऱ्या रकान्यात घालू नकोस. ते या प्रकारात ठरलेलंच असतं. गल्लीचं नाव, गाडीचा रंग, किती गोळ्या सुटल्या, असलं काही असेल तरच घाल. तक्ता करताना एखादी ओळ खरंच जुळली तर ती लपवू नकोस. सरकारी वकिलांना ती सापडलेली असणारच.

तारखेत घोटाळा हमखास होतो. अपलोडची तारीख ही लिहिल्याची तारीख नव्हे, आणि फाईल पुन्हा एक्स्पोर्ट केली की तिच्यावर नवी तारीख बसते. स्टुडिओतली मूळ प्रोजेक्ट फाईल आणि फोनमधल्या नोंदींचा इतिहास मागव. ते कडवं त्यानेच लिहिलंय का, हेही विचार; गाणारा एक आणि लिहिणारा दुसरा, असं सर्रास असतं. पोलिसांनी उतरवलेला मजकूर जसाच्या तसा धरू नकोस. दोघांना वेगवेगळं ऐकायला बसव आणि पूर्ण गाणं उतरवून घे.

गाण्यातल्या बोलीचा अर्थ तपास अधिकारी सांगणार असेल, तर त्याला कशाच्या जोरावर तज्ज्ञ म्हणायचं हे ज्यूरीच्या पाठीमागे, पुरावा घ्यायचा की नाही हे न्यायाधीश ठरवतात त्या नियम 104 च्या सुनावणीत ठरू दे. हरकत त्याच क्षणी, नियम 403 (पुराव्याच्या मोलापेक्षा पूर्वग्रह जास्त) आणि 404(ब) (इतर कृत्यांवरून स्वभाव सिद्ध करू नये) ही कारणं देऊन नोंदव. नाहीतर अपिलात फारसं काही हाती लागत नाही. हरलीसच, तर व्हिडिओ नको, फक्त मंजूर ओळी सपाट आवाजात वाचा, असं माग. त्या कशापुरत्या धरायच्या ही सूचना ज्यूरीला वाचनानंतर लगेच मिळायला हवी, फक्त शेवटी नव्हे.

मेरीलँडचा 2020 चा माँटेग्यू निकालही वाच, तो आपल्याविरुद्ध जातो. आरोपीने तुरुंगातल्या फोनवरून रॅप केलं, तपशील जुळले आणि पुरावा टिकला. अशिलाला आजच सांग, तिथल्या फोनवर एक ओळही म्हणायची नाही.

तक्ता झाला की पाठव.

बाबा